दिवाळीची मिरवणूक आणि नगराचे आरोग्य : इंदूर, १९१७

नरकचतुर्दशीच्या पहाटे गोमंतकात गावोगावी नरकासुराचा पुतळा जाळण्याची चाल आपणां सर्वांस परिचित आहे. गवत, बांबू आणि कागद यांचा तो अक्राळविक्राळ देह रात्रभर मिरवावयाचा, उजाडण्यापूर्वी त्यास अग्नी द्यावयाचा, आणि मग अभ्यंगस्नान करून, कारीट फोडून, घरोघरी पोहे खावयाचे, हा क्रम आपल्या लहानपणाच्या आठवणींत पक्का बसलेला असतो. ‘नरक’ या शब्दाचा मराठीत ‘घाण’ असाही अर्थ आहे. वर्षाकाठी एकदा घरातील व गावातील घाण काढून टाकावी आणि स्वच्छ अंगणात दीप लावावा, हा त्या कथेतील लौकिक बोध आपल्या वाडवडिलांनी ओळखला होता, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

हा बोध एका संपूर्ण शहराने, प्लेगाच्या दिवसांत, प्रत्यक्ष आचरणात आणल्याची हकीकत होळकरांच्या इंदूर नगरीत घडलेली आहे. सन १९१७ च्या दिवाळीत इंदूरच्या रस्त्यांवरून जी मिरवणूक निघाली, तिच्यात हत्ती, घोडे, उंट होते, लक्ष्मी होती, आणि त्यांच्याबरोबर घाणीचा राक्षस व प्लेगाचा प्रचंड उंदीर यांचे पुतळेही होते. मिरवणुकीच्या अखेरीस त्या दोघांचे दहन झाले. ही कल्पना एका स्कॉटिश पंडिताची होती. देवस्थानच्या स्मरणिकेत परमुलखातील प्लेगाची ही कथा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु उत्सव, पालखी, मानपान आणि समाजाची शिस्त या ज्या गोष्टींशी महाजन घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध आहे, त्यांचाच उपयोग लोकांच्या आरोग्यासाठी कसा करता येतो, आणि तो कोठे अपुरा पडतो, हे या कथेतून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. म्हणून ती येथे थोड्या विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

प्लेग आणि बळाचा उपाय

हिंदुस्थानात या प्लेगाने पाऊल ठेवले ते मुंबई बंदरात, सन १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस. मांडवी भागात, जेथे धान्याची गोदामे दाटीवाटीने उभी होती, तेथे गाठीच्या तापाने माणसे पटापट मरू लागली. हा ताप म्हणजे प्लेगच होय, असे निदान सप्टेंबर १८९६ मध्ये ज्या डॉक्टरांनी प्रथम केले ते डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे गोमंतकीय, बार्देशातील हडफडे गावचे. ही अप्रिय गोष्ट उघड बोलण्यास धैर्य लागत होते, कारण त्यावर बंदराचा व्यापार अवलंबून होता. पुढे सन १८९७ च्या आरंभी वाल्देमार हाफकीन यांनी भायखळ्यास लस तयार करून प्रथम स्वतःच्या देहावर टोचून घेतली. प्लेगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे सापडला होता. तो उंदरावरील पिसवांच्या द्वारे माणसाच्या अंगात शिरतो, हे १८९८ साली पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराची येथे प्रयोगाने दाखविले. तथापि हे ज्ञान सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली.

दरम्यान सरकारने योजिलेला उपाय होता तो बळाचा. सन १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांच्या हाती विलक्षण सत्ता आली. पुण्यात रँड यांच्या अमलाखाली गोरे शिपाई घराघरांत शिरले. देवघर, माजघर, स्वयंपाकघर यांचा विधिनिषेध राहिला नाही. रोगी असोत वा संशयित असोत, त्यांस ओढून छावण्यांत नेण्यात आले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास सर्वज्ञात आहे. त्याच वर्षी, त्याच साथीत, १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची शुश्रूषा करता करता देह ठेवला, हेही येथे स्मरणात ठेवले पाहिजे. एकीकडे सत्तेचा दंडुका आणि दुसरीकडे व्यक्तीचे आत्मार्पण, अशी ती दोन टोके होती. दंडुक्यामुळे लोक रोगी लपवू लागले, आणि लपविलेला रोग अधिकच पसरला. सरकारचा हेतू साथ थांबविण्याचा असला, तरी ज्यांच्यासाठी उपाय योजावयाचा ती माणसे सहकार्यास राजी नसतील तर उत्तम शास्त्रही पांगळे होते, हा धडा पुण्याने दिला.

इंदूरचा पाहुणा

मंदसौरच्या तहानंतर, सन १८१८ पासून, इंदूर ही होळकरांची राजधानी झाली. कान्ह आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या काठी वसलेले हे गाव कापूस, अफू व सराफी यांच्या जोरावर झपाट्याने वाढले. राजवाड्याभोवतीच्या जुन्या पेठा दाट होत गेल्या, नद्यांत सांडपाणी येऊ लागले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेग व हिवताप यांनी शहरास वारंवार ग्रासले. त्या वेळी गादीवर तिसरे तुकोजीराव होळकर होते. त्यांच्या दरबाराने नगररचनेविषयी सल्ला देण्यासाठी प्राध्यापक पॅट्रिक गेडिस यांस पाचारण केले.

गेडिस यांचा जन्म १८५४ साली स्कॉटलंडात झाला. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. वनस्पतींचा अभ्यास करता करता त्यांस नगर हेही एक सजीव शरीरच होय असे वाटू लागले. एडिंबरा येथील जुन्या, पडक्या, रोगट वस्तीत ते सपत्नीक जाऊन राहिले व घरांची डागडुजी, रंगसफेती आणि लहान लहान बागा यांच्या योगाने ती वस्ती त्यांनी सुधारली. सन १९१४ मध्ये ते नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यावयास निघाले. प्रदर्शनाचे सर्व साहित्य ज्या जहाजावर होते ते जर्मनांच्या एम्डेन या युद्धनौकेने बुडविले. तरीही नवे साहित्य जमवून त्यांनी मद्रासेस प्रदर्शन भरविले आणि पुढे अनेक शहरांचे अहवाल लिहिले.

त्यांचा मुख्य सिद्धांत असा की, उपचारापूर्वी निदान झाले पाहिजे. जुन्या पेठा सरसकट पाडून रुंद रस्ते काढणाऱ्या अभियंत्यांस त्यांचा विरोध असे. कुशल शस्त्रवैद्य जसा सडका भाग तेवढा छाटतो आणि बाकीचा देह राखतो, तसे नगराचे करावे, पडके घर काढून तेथे चार झाडे लावावीत, बुजलेली विहीर उपसावी, तळे राखावे, असे त्यांचे सांगणे होते. इंदूरविषयी त्यांनी लिहिलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ साली होळकर सरकारच्याच छापखान्यात छापला गेला. नगररचनेच्या अभ्यासकांत तो आजही नावाजलेला आहे.

गेडिस इंदुरास आले ते वर्ष त्यांच्या आयुष्यातील अत्यंत दुःखाचे होते. एप्रिल १९१७ मध्ये त्यांचा थोरला मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर पडला आणि जून महिन्यात त्यांची पत्नी ॲना कलकत्त्यास आजारात निवर्तली. त्रेसष्ट वर्षांचा, एकाकी झालेला हा माणूस इंदूरच्या गल्लीबोळांतून नकाशे घेऊन दिवसभर हिंडत असे. त्यास पाहून लोक एकमेकांत कुजबुजत व दूर सरत. त्यांनी सोबतच्या माणसास कारण विचारले तेव्हा कळले की, हाच तो प्लेग आणणारा म्हातारा साहेब, अशी लोकांची समजूत झालेली आहे. साहेब नकाशा घेऊन आला की घर पाडले जाते आणि साथ येते, असा लोकांचा अनुभव होता. पुण्याचा इतिहास पाहता त्यांस दोष देता येत नाही. दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्याने यावर बंदोबस्त मागितला असता. गेडिस यांनी मागितले ते निराळेच. एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मजकडे द्यावेत, अशी त्यांनी दरबारास विनंती केली, आणि ती मान्य झाली.

मिरवणूक

दिवाळी जवळ आली होती. गेडिस यांनी जाहीर केले की, यंदा शहरात नव्या धर्तीची मिरवणूक निघेल, आणि तिचा मार्ग नेहमीचा नसेल. ज्या मार्गावरील अधिकांत अधिक घरे झाडून, सारवून, डागडुजी करून, रंगवून ठेवलेली असतील, त्या मार्गाने मिरवणूक जाईल. मिरवणूक आपल्या दारावरून जाणे यास आपल्या समाजात काय किंमत आहे हे महाजनांस सांगावयास नको. पालखी कोणत्या वाड्यावरून जावी, कोठे थांबावी, ओवाळणी प्रथम कोणाची, यांवरून झालेले तंटे आपल्या देवस्थानांच्या जुन्या दप्तरांत कमी नसतील. मानाची हीच ओढ गेडिस यांनी झाडूच्या मागे उभी केली. केरकचरा विनामूल्य वाहून नेण्याची व्यवस्था करण्यात आली. पेठापेठांत चढाओढ लागली. वर्षानुवर्षे साचलेले उकिरडे, पडवीतील अडगळ, परसातील ढिगारे बाहेर निघू लागले. सहा आठवड्यांत सहा हजारांहून अधिक गाड्या भरून केर शहराबाहेर गेला, असे त्या प्रसंगाच्या वृत्तांतात नमूद आहे. उंदरांची वस्ती नेमकी अशाच अडगळीत असते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल ध्यानी येते. येथे कोणाच्या घरात शिपाई शिरला नव्हता, ज्याने त्याने आपले घर आपणच उघडले होते.

मिरवणुकीची रचना एखाद्या दशावतारी खेळासारखी सुबोध होती. अग्रभागी घोडेस्वार, हत्ती, उंट, वाद्ये आणि धान्य व कापूस यांच्या समृद्धीचे देखावे होते. मागे लक्ष्मी. तिच्या पाठोपाठ वाद्यांचा सूर पालटे, आणि पडक्या, कोंदट घरांचे देखावे, रोगांची सोंगे, हिवतापाच्या मच्छरांच्या मोठमोठ्या प्रतिमा, घाणीचा राक्षस व प्लेगाचा उंदीर असा भीषण भाग येई. त्यानंतर काही अंतर मोकळे, आणि मग शहराचे सफाई कामगार. त्यांचे कपडे शुभ्र, डोक्यावर नवी पागोटी, हाती नवे झाडू. त्यांच्या गाड्या रंगविलेल्या, बैलांची शिंगे चितारलेली. नगरातील प्रतिष्ठितांनी त्यांस फुले वाहिली. त्यांच्या मागून नव्या नगराची देवता, तिच्याबरोबर नव्या इंदूरचा आराखडा, होऊ घातलेल्या वाचनालयादी संस्थांच्या प्रतिकृती, कारागिरांचे गट आणि शेवटी माळ्यांच्या गाड्या. या गाड्यांतून फुले, फळे आणि तुळशीची रोपे लोकांस वाटली गेली. जिच्या दारी तुळस आहे ती गृहिणी अंगण झाडल्यावाचून राहत नाही, हे या परक्या माणसाने अचूक हेरले होते. रात्री उद्यानात राक्षसाचे व उंदराचे दहन झाले आणि आतषबाजी झाली.

जो साहेब प्लेग आणतो म्हणून लोक भीत होते, त्याच्याविषयीचा संशय या दिवाळीने पुसून टाकला. पुढे १९१९ मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांस त्यांनीच विलायतेस धाडण्यासाठी निवडले आणि भारतीय समाजशास्त्राचा पाया त्या गुरुशिष्य परंपरेतून घातला गेला.

यश आणि मर्यादा

इतिहास लिहिताना गौरवाबरोबर तोलही सांभाळला पाहिजे. त्या वर्षी इंदुरातील प्लेगास उतार पडला खरा. परंतु प्लेग ऋतुमानाप्रमाणेही चढतो व उतरतो, म्हणून सारे श्रेय मिरवणुकीस देणे शास्त्रास धरून होणार नाही. शिवाय पुढील वर्षीच, सन १९१८ च्या शरद ऋतूत, इन्फ्लुएंझाची भयंकर साथ हिंदुस्थानभर पसरली व तिने एक कोटीहून अधिक माणसांचा बळी घेतला. श्वासावाटे पसरणाऱ्या त्या रोगापुढे झाडू निष्प्रभ होता. प्रत्येक रोगाची वाट निराळी असते. ती वाट कोणती हे जाणल्यावाचून केलेली सफाई ही अर्धीच सफाई होय.

दुसरी मर्यादा अधिक बोचणारी आहे. मिरवणुकीच्या दिवशी सफाई कामगारांस नवी पागोटी मिळाली, फुले मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हाती पुन्हा तोच झाडू आणि तीच मैल्याची पाटी आली. ज्या समाजाने एक दिवस त्यांच्यावर फुले वाहिली, तोच समाज इतर दिवशी त्यांची सावली टाळीत होता. गेडिस यांनी त्यांस नगराचे आरोग्यरक्षक म्हणून सर्वांसमोर उभे केले, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. परंतु मान एका दिवसाचा आणि काम वर्षभराचे, ही विषमता मिरवणुकीने मिटली नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध स्वतंत्र भारतात पहिला कायदा होण्यास १९९३ साल उजाडावे लागले, आणि तो अपुरा पडल्याने २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. गटारांत उतरून गुदमरून मरणाऱ्या माणसांच्या बातम्या त्यानंतरही आपण वाचतोच.

केराचे खत

इंदूरच्या आरोग्याच्या इतिहासात आणखी एक प्रकरण आहे, आणि त्यात एका मराठी माणसाचा वाटा असल्याने ते येथे सांगणे उचित होईल. मैला व सांडपाणी नदीत सोडण्यापेक्षा ते मातीत घालावे, त्यातून बागा पिकवाव्यात, असे गेडिस यांचे मत होते. या मतास शेतीच्या शास्त्राचे पाठबळ पुढे इंदुरातच मिळाले. सन १९२४ मध्ये येथे वनस्पतिउद्योग संशोधन संस्था स्थापन झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील पालापाचोळा, गुरांचे शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत सिद्ध केली. ढीग नीट रचला म्हणजे आत जी उष्णता उत्पन्न होते, तिने रोगजंतू आणि माशांची अळी नष्ट होतात, आणि दुर्गंधी राहत नाही. हॉवर्ड व वाड यांचा या विषयावरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेले. जो उकिरडा रोगाचे माहेरघर होता, त्याचे सोने कसे करावे हे इंदुराने जगास शिकविले.

मध्यंतरी या शिकवणीचा शहरासच विसर पडला होता. कान्ह आणि सरस्वती या नद्यांचे नाले झाले, कचऱ्याचे डोंगर उभे राहिले. परंतु गेल्या दशकात इंदुराने पुन्हा कंबर कसली. ओला व सुका कचरा घरीच वेगळा करावयाचा, तो दररोज दारावरून गाडीने न्यावयाचा, ओल्या कचऱ्याचे खत व वायू करावयाचा, अशी शिस्त लागली. देवगुराडिया येथील जुना कचऱ्याचा डोंगर उपसण्यात आला. तेथेच फेब्रुवारी २०२२ मध्ये दररोज साडेपाचशे टन ओला कचरा पचविण्याची क्षमता असलेला वायुनिर्मितीचा कारखाना सुरू झाला. केंद्र सरकारच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वर्षे पहिले आले, त्यांपैकी अखेरचे वर्ष सुरतेच्या जोडीने. यातही कायद्याच्या धाकापेक्षा नागरिकांचा अभिमान अधिक कामी आला, हे तेथील रहिवासी सांगतात. आपले शहर पहिले यावे, या ईर्ष्येत १९१७ च्या त्या पेठांची चढाओढच पुन्हा अवतरली, असे वाटते.

दिसणारी घाण आणि न दिसणारी

आणि तरीही, डिसेंबर २०२५ च्या अखेरीस, त्याच इंदुरात भागीरथपुरा या वस्तीत पिण्याच्या नळाच्या पाण्यात मैल्याचे पाणी मिसळले. शेकडो माणसे उलट्या व जुलाब यांनी आजारी पडली आणि कित्येकांस प्राणास मुकावे लागले. रस्ता स्वच्छ होता. कचरागाडी वेळेवर येत होती. जमिनीखालच्या नळात काय चालले आहे हे मात्र कोणाच्या डोळ्यांस दिसत नव्हते. सर्वांत स्वच्छ म्हणून गौरविलेल्या नगरात हे घडावे, हा आपणां सर्वांसच इशारा आहे.

गोमंतकीयांस हा इशारा नवा नाही. एके काळी पूर्वेचे वैभव म्हणून ज्याची ख्याती होती, ते जुने गोवे शहर ओसाड पडले त्याच्या कारणांत युद्ध व व्यापाराची पीछेहाट होतीच, पण वारंवार येणाऱ्या साथी हेही एक मोठे कारण होते. सन १५४३ मधील पटकीच्या साथीचे वर्णन पोर्तुगीज बखरकारांनी करून ठेवले आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन देशी नावासह केले आहे. ते नाव म्हणजे आपल्या भाषेतील मोडशीच होय. शहराची जमीन झिरपणारी, वस्ती दाट, आणि मैल्याचे पाणी मुरून विहिरींत उतरणारे. वर भव्य चर्चे आणि प्रासाद उभे असताना खाली विहिरींचे पाणी विषमय होत गेले. सन १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले वास्तव्य पणजीस हलविले आणि १८४३ साली पणजी ही रीतसर राजधानी झाली. जुने गोवे आणि भागीरथपुरा यांच्यात जवळजवळ पाचशे वर्षांचे आणि शेकडो कोसांचे अंतर आहे. रोगाची वाट मात्र एकच आहे, ती म्हणजे मैला पिण्याच्या पाण्यास मिळणे.

१९१७ च्या मिरवणुकीने दिसणारी घाण काढली. न दिसणारी घाण काढण्यास उत्सवाचा उत्साह पुरत नाही, तेथे रोजची तपासणी, नोंदवही आणि जबाबदार माणूस लागतो.

महाजनांचे कर्तव्य

येथेच या इतिहासाचा आपल्या घराण्यांशी संबंध येतो. महाजनकी हा केवळ मान नव्हे. देवस्थानचा जमाखर्च पाहणे, उत्सव नेमाने चालविणे, इमारती व जमिनी राखणे, हे दायित्व आपल्या पूर्वजांनी पार पाडले. परराज्याच्या प्रतिकूल काळातही देव नव्या जागी नेऊन त्यांनी पूजाअर्चा खंडित होऊ दिली नाही. देवळापुढची तळी ही त्याच व्यवस्थेचे अंग होती. तळी उपसणे, तिच्या पायऱ्या दुरुस्त करणे, तिच्यात काय धुवावे व काय धुऊ नये याचा नियम पाळणे, हे सार्वजनिक आरोग्याचेच काम होते, जरी त्यास ते नाव नव्हते.

आज जत्रेस आणि कालोत्सवास दूरदूरच्या शहरांतून, माळव्यापासूनही, कुळावी सहकुटुंब येतात. अग्रशाळा भरून जातात, महाप्रसादास हजारो पाने उठतात. अशा वेळी पाण्याची एक विहीर दूषित झाली तर प्रसादाबरोबर रोगही घरोघरी जाईल. आपली जांभ्या दगडाची जमीन जुन्या गोव्याप्रमाणेच झिरपणारी आहे. म्हणून शौचालयाची टाकी कोठे आहे, ती विहिरीपासून व तळीपासून किती दूर आहे, पाऊस पडल्यावर पाणी कोणत्या दिशेस मुरते, हे महाजन समितीस ठाऊक असलेच पाहिजे. उत्सवापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून तिचा निकाल जमाखर्चाप्रमाणेच सभेपुढे ठेवावा. स्वयंपाकघरात व शौचालयापाशी हात धुण्यास साबण व वाहते पाणी असावे. निर्माल्य तळीत अथवा नदीत न टाकता त्याचे इंदूर पद्धतीने खत करावे व ते देवळाच्या फुलबागेस घालावे. देवास वाहिलेले फूल पुन्हा फूल होऊन देवाच्या पायी यावे, याहून शोभिवंत विसर्जन कोणते? या गोष्टींस फार मोठा निधी लागत नाही. लागते ती सातत्याची नजर.

शेवटची गोष्ट मानपानाची. उत्सवात कोणाचा मान पहिला, कोणाचा दुसरा, याची यादी आपण जपून ठेवतो. जत्रा संपल्यानंतरच्या पहाटे, आपण आपापल्या गाड्यांत बसून परतत असताना, जे हात पत्रावळी उचलतात, प्राकार झाडतात, गटार मोकळे करतात, त्यांचे नाव त्या यादीत कोठे आहे? इंदुराने १९१७ मध्ये त्यांस एक दिवस फुले वाहिली. आपण त्यांस योग्य वेतन, हातमोजे व पायताण, आजारपणात औषधोपचार आणि प्रसादाच्या पंक्तीत इतरांच्या बरोबरीने पान, एवढे वर्षभर देऊ शकलो, तर त्या अपुऱ्या मिरवणुकीचे उरलेले पाऊल आपल्या देवळाच्या दारात पुरे होईल.

नरकासुर दरवर्षी जाळावा लागतो, कारण घाण दरवर्षी नव्याने साचते. पूर्वजांनी हा विधी एकदाच न ठेवता प्रतिवार्षिक ठेवला, यातच त्यांचे शहाणपण दिसून येते. पुतळा जाळून घरी परतताना आपापल्या विहिरीत डोकावून पाहण्याची बुद्धी श्रींनी आपणां सर्वांस द्यावी, आणि आपल्या कुळाव्यांस व त्यांच्या भोवतालच्या सर्व समाजास निरामय आयुष्य लाभावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.